उल्का ऐकण्याचा खटाटोप

१० ऑक्टोबर

झालं! सासरेबुवांनी आज जेवताना जाहीर करून टाकलं — एक तारखेपासून ते वृद्धाश्रमात राहायला जाणार. "खोली बघून ठेवलीय," म्हणाले आणि स्वतःच हसले. बाकी कोणी हसलं नाही. डोळे जाऊन सहा महिने होत आले. थेंब झाले, ऑपरेशन झालं, पुन्हा थेंब झाले, आणि एका सकाळी त्यांनी विचारलं, अजून खिडक्या का उघडल्या नाहीत. खिडक्या सताड उघड्या होत्या.

ही ताटावरून उठून गेली. नंतर मला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, तुम्ही काहीतरी करा. मुलीच्या घरी किती दिवस, एवढंच धरून बसलेत. माझं ऐकत नाहीत. तुमच्या तोंडून आलं तर ऐकतील."

माझ्या तोंडून! मी कवळ्या बनवणारा माणूस. दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे हाताळतो, पण सासऱ्यांसमोर गेलो की माझीच दातखीळ बसते. लग्नाला अठरा वर्षं झाली. आज उकडतंय, उद्या उकडेल, कवळी टोचत नाही ना — ह्यापलीकडे आमची गाडी गेलेली नाही.

"बघतो मी," म्हणालो. हे मी सगळ्यांनाच म्हणतो.

११ ऑक्टोबर

गेलो त्यांच्या खोलीत. दारात खाकरलो.

"या जावईबापू. तिने पाठवलं?"

झाली सुरुवात! मी म्हणालो, छे छे, सहजच. ते म्हणाले, बसा. बसलो. घड्याळाची टिकटिक ऐकली. काही सुचेना म्हणून विचारलं, "कवळी लावत नाही हल्ली?" पेल्यात पडली होती, पाण्यात. माझ्या हातची, वरची-खालची, रंग असा जुळवलाय की डॉक्टरसुद्धा फसतील.

"कोणाला दाखवू?" म्हणाले.

निघताना उगाच म्हणालो, आता मृगातल्या उल्का आल्याच असतील. जीभ चावली! पण तोंडातून गेलं ते गेलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पडतील हो त्या. माझ्यावाचून काय अडतंय त्यांचं."

बाहेर आलो तर ही दाराशीच. "काय झालं?" मी म्हणालो, विषयाला हात घातलाय. कुठल्या विषयाला, ते विचारलं नाही म्हणून वाचलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर त्या उल्कांचंच मनात. दर ऑक्टोबरात सासरेबुवा पहाटे मला गच्चीवर न्यायचे. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म जमिनी मोजल्या, त्यामुळे आभाळही कुणीतरी मोजलंच पाहिजे असं त्यांचं मत. सतरंजीवर आडवे पडायचे, एक बोट मृगाकडे, आणि "ती गेली! दिसली?" मी म्हणायचो, "कुठे?" झालं. उल्का काय माझी वाट बघत थांबणार? अठरा वर्षांत मोजून चार पाहिल्या, त्यातलं एक विमान होतं. बाकीचा वेळ तोंड उघडं टाकून घोरत होतो, असं त्यांचं म्हणणं. माझं असं काही म्हणणं नाही. मी झोपलेलो होतो.

यंदा त्यांनी गच्चीचं नाव काढलं नाही. सतरंजी कपाटावर घडी घातलेली आहे, तशीच.

१३ ऑक्टोबर

आज एक चमत्कार! माझ्या कवळ्यांच्या लॅबशेजारच्या गाळ्यातला रेडिओवाला दाढेचा तुकडा घेऊन आला — बसवून दे म्हणे, डॉक्टरकडे जायची भीती वाटते. त्याच्याशी बोलता बोलता मी सासऱ्यांचं रडगाणं गायलो. तो म्हणाला, "त्यात काय? उल्का ऐकायच्या!"

मला वाटलं दुखण्याने भ्रमिष्ट झाला. पण नाही. एफएमवर अशी जागा शोधायची की जिथे जवळचं स्टेशन नाही, पण खूप लांबच्या गावाचं आहे. एरवी ते आपल्यापर्यंत पोचत नाही, नुसती फसफस. पण उल्का पडली की मागे क्षणभर एक रेघ राहते, आणि तो लांबचा आवाज त्या रेघेवर आपटून आपल्याकडे येतो. मध्येच एकदम आवाज, की गेला. अंधार लागत नाही, ढग असले तरी चालतं. आणि सकाळीच जास्त!

पुढेही तो बराच वेळ सांगत होता. माझं लक्ष नव्हतं. मी मनात हार घालून घेत होतो.

त्याने एक जुना रेडिओ दिला. मी त्याची दाढ बसवली नाही, डॉक्टरकडेच पाठवलं. अंगाशी येणारे धंदे मी करत नाही.

(हे वाक्य पुढे मला छळणार असं वाटतंय.)

१४ ऑक्टोबर

लॅबला दांडी. तार बांधायचा कार्यक्रम. गॅलरीत कपडे वाळत घालायची तार आहे, तीच वापरली. ही उशांचे ओले अभ्रे घेऊन उभी. "आणि हे मी कुठे वाळत घालू? आभाळात?"

स्टुलावरून पडलो. फार नाही लागलं, इज्जतीलाच.

मग सासरेबुवांना सांगितलं. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "उल्का ऐकायच्या? छान. पुढे काय, इंद्रधनुष्य हुंगायचं?"

पण खोलीचं दार त्यांनी उघडं ठेवायला सांगितलं. मी पाहिलं ते.

१५ ऑक्टोबर

सकाळी सहापासून गॅलरीत. फसफस. फसफस. चहा. फसफस. शेजारचा दोनदा डोकावून गेला. "काय हो, रेडिओ बिघडला?" म्हटलं, नाही, हाच कार्यक्रम आहे.

कान तसे माझे अधूच. कवळ्या घासायची मोटर वर्षानुवर्षं कानाशी किंचाळते, बारीक आवाज आता येतच नाहीत. म्हणून रेडिओ पूर्ण मोठा केला. ही कानात कापूस घालून पोळ्या लाटत होती.

आणि साडेआठला — टक्! स्पष्ट! मी ओरडलो, "बाबा! पडली!" खोलीतून उत्तर आलं, "कोण? तुम्ही? पुन्हा?"

पाच मिनिटांनी दुसरी. टक्! मग तिसरी! मी नाचलो. पन्नाशीचा माणूस, चट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी पडदा ओढून घेतला.

१६ ऑक्टोबर

आले! भिंत चाचपत, हळूहळू, पण आपण होऊन गॅलरीत आले! ही स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन पुतळ्यासारखी उभी. महिना-दीड महिना झाला असेल, माणूस जेवण आणि संडास-बाथरूम सोडलं तर खोलीबाहेर आला नव्हता.

खुर्चीत बसले. ऐकलं. टक्. मान जराशी वाकडी केली. पुन्हा टक्. मग, "जावईबापू, माझी कवळी आणा."

"आत्ता?"

"मग काय, उल्कांसमोर बोळकं घेऊन बसू?"

पेला धुऊन आणला. लावली त्यांनी कवळी, ओठ मिटले, आणि चेहरा परत जागेवर आला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ती कवळी. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना दिसत नाही हे त्या वेळी फार सोयीचं पडलं.

१७ ऑक्टोबर

पुन्हा बसलो. रेडिओ फसफसतोय, आम्ही बोलतोय. आम्ही! बोलतोय! ते मोजणीच्या दिवसांतलं सांगत होते — दोन भावांचं बांधावरून भांडण, हे साखळी घेऊन मध्ये उभे, आणि दोघांनी मिळून ह्यांनाच विहिरीत ढकललं. "माझ्यामुळे एक झाले हो ते," म्हणाले. मी हसलो, मग तेही हसले. कवळी हलली नाही. बसवलीच आहे तशी!

१८ ऑक्टोबर

मी एक शोध लावलाय. उल्का नऊच्या सुमाराला सगळ्यात जास्त पडतात. टक्, टक्, टक्, नुसता सपाटा. दहानंतर तुरळक. मी म्हणालो, "बाबा, ऑफिसच्या वेळेला येतात बघा. भारी शिस्तीच्या!"

ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "असतात. काही काही असतात शिस्तीच्या."

संध्याकाळी रेडिओवाल्याला हा शोध ऐकवला. तो म्हणाला, "टक्? अहो, गाण्याचा तुकडा, बोलण्याचा तुकडा येतो का?" मी म्हणालो, आमच्याकडे टक् येतं. तो विचित्र नजरेने बघायला लागला. दुसऱ्याचं यश बघवत नाही लोकांना.

आज एक वेगळीच गोष्ट झाली. टक्-टक्च्या मध्ये मी त्यांना लॅबचं सांगून बसलो. की डॉक्टर आता हातच्या कवळ्या मागत नाहीत, यंत्रावर छापून घेतात, निम्मी कामं गेली, लॅब चालेल की नाही देव जाणे. हिला हे सांगितलेलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. त्यांना का सांगितलं? बहुतेक ते माझ्याकडे बघत नव्हते म्हणून.

त्यांनी सल्ला दिला नाही. "हं," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हं. मग?" आणि मी आणखी सांगितलं. लॅबला पोचायला साडेअकरा वाजले.

१९ ऑक्टोबर, रविवार

ही मागे लागली आहे. "आता विचारा ना! आश्रमाचं रद्द करा म्हणावं. इतके खुलले आहेत!" मी म्हणालो, घाई नको, फळ पिकू दे. (तू गप्प बस, उल्कातज्ज्ञ इथे मी आहे — हे मनात.)

तरी दुपारी धीर करून विषय काढलाच. ते म्हणाले, "एकवीसला मृगाचा जोर असतो. ते होऊ दे. मग बघू."

मग बघू! काल-परवापर्यंत "ठरलं" होतं, त्याचं आज "मग बघू" झालं! हिला सांगितलं तर हिने चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. आता एकवीसला आभाळ फुटून टक्-टक् झालं की मी जिंकलो. पुढच्या वर्षी गच्चीवर तंबू ठोकीन. फीसुद्धा लावीन.

२० ऑक्टोबर

मी गाढव आहे.

नुसतं गाढव नाही. शेपटीला रेडिओ बांधलेलं गाढव.

संध्याकाळी लॅबमधून आलो तर खाली कागद चिकटवलेला: उद्या आणि परवा लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. वाचलं, वर आलो. सासरेबुवा झोपलेले. त्यांचं दार ओढून घेतलं आणि उद्याच्या तयारीसाठी रेडिओ लावला. ही पिशवी घेऊन खाली निघाली. टक्! वा, म्हटलं, संध्याकाळीसुद्धा! थोड्या वेळाने टक्! — आणि ही दारात. "कोथिंबीर विसरले," म्हणून परत गेली. टक्!

मी रेडिओ सोडून दाराकडे बघत बसलो.

ती आली तेव्हा म्हणालो, "अगं, एक काम कर. पुन्हा जा."

"काय आणू?"

"काही आणू नकोस. नुसती लिफ्टने खाली जा आणि वर ये."

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग गेली बिचारी. टक्. आली. टक्. म्हटलं, पुन्हा. टक्. टक्. आमच्या गॅलरीच्या भिंतीपलीकडेच लिफ्टची यंत्रं, ती हलली की रेडिओत टक्! सगळ्या इमारतीला माहीत आहे, मी सोडून.

माझ्या सगळ्या उल्का तळमजला ते चौथा मजला अशा प्रवास करत होत्या. नऊ वाजता जास्त, कारण लोक ऑफिसला जातात! शिस्तीच्या!

हिला सांगितलं. ती हसायला लागली. जिन्याच्या पायरीवर बसून हसली, पदर तोंडात कोंबून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "उद्या तर लिफ्ट बंद आहे हो," म्हणाली. "ते कवळी लावून बसतील आणि काहीच वाजणार नाही."

तेच. नेमका उद्याच जोर, आणि उद्याच उल्का दुरुस्तीसाठी बंद.

खरं सांगावं? सांगायला हवं. पण काय सांगू? की सहा दिवस तुम्हाला शेजाऱ्यांची जा-ये ऐकवली? आंधळ्या माणसाची अशी थट्टा वैऱ्यानेसुद्धा करू नये. मग "मग बघू" गेलं, आणि एक तारीख आली.

मग स्वयंपाकघरात गॅसचा लायटर दिसला. दाबून पाहिला, ठिणगी उडाली. गॅलरीतला रेडिओ म्हणाला — टक्.

हिने कपाळावर हात मारला. "नका हो असलं काही करू." मी म्हणालो, फक्त उद्याच्या दिवस. अंगाशी येणारे धंदे मी करत नाही, असं तेराला लिहून ठेवलंय. शाबास!

२१ ऑक्टोबर

लिहवत नाही. पण लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी वाचता येईल.

सासरेबुवा सहाच्या आधीच गॅलरीत. दाढी करून! गालावर कापून घेतलं होतं दोन ठिकाणी. कवळी. स्वच्छ सदरा. जुनी सतरंजी काढायला लावली हिला, पायावर घेतली. लग्नाला निघाल्यासारखे. मी शेजारी, खिशात लायटर.

फसफस. फसफस. घर चिडीचूप. लोक जिने उतरत होते, शिव्या देत. माझ्या उल्का पायी चालल्या होत्या.

सात वाजले. त्यांचा चेहरा मला बघवेना. शेवटी खिशात हात घातला, खोकलो, आणि खोकल्याआड दाबला. टक्!

"पडली, बाबा!" काय ते माझं ओरडणं. नाटक कंपनीतून हाकलून दिलं असतं.

मी पुन्हा खोकलो. टक्!

"जावईबापू," अगदी शांतपणे म्हणाले, "तो लायटर ओट्यावर ठेवून या. तिला चहा टाकायचाय."

जमीन दुभंगली नाही. चौथा मजला असल्यामुळे तीही सोय नाही. मी लायटर ठेवून आलो. परत येईपर्यंत ते उठले होते, भिंत चाचपत खोलीत गेले. दार लावून घेतलं.

मी बाहेरून म्हणालो, "बाबा, चुकलं माझं." ही माझ्याशी बोलत नाही. न बोलता जेवण वाढलं. संध्याकाळी खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन. माझ्या कानांना एरवी काही येत नाही, ती चेन मात्र आली.

अठरा वर्षांनी तोंड उघडलं, तर ते असं. त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. हिच्यासाठी नाही, मला स्वतःला वाटतं. हे आधी म्हणता आलं असतं, लायटरशिवाय.

२२ ऑक्टोबर

पहाटे उठलो तर ते गॅलरीत. कवळी लावलेली. "रेडिओ लावा. लिफ्ट अजून बंद आहे ना? बरं झालं."

बसलो. लायटर ओट्यावर. फसफस. आणि एकदम त्या फसफशीतून एक बाई हसली. कुठल्या गावाची, कोण जाणे! अर्धंच हसू, स्वच्छ, इतकं जवळ की मी मागे वळून पाहिलं. आणि गेली.

त्यांनी माझं मनगट धरलं. "ऐकलंत?"

"ऐकलं, बाबा."

"ही लिफ्ट नव्हे."

म्हणजे लिफ्ट त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती! दार सरकल्याचं रोज ऐकू यायचं म्हणे, मोटर किंचाळून कान गेलेत ते माझे. मी विचारलं, मग रोज बसत का होतात? "तुम्ही बोलत होतात," म्हणाले. "मध्ये कसं तोडू? काल मात्र राग आला, बॅगसुद्धा काढली. सकाळी वाटलं, तुमचं लॅबचं सांगून अर्धंच झालंय."

दहा वाजता मला आश्रमाचा नंबर लावायला लावला. "एक तारखेचं रद्द करा," त्यांना म्हणाले. "नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे. आमच्या जावयाचे कान गेलेत, त्यांचं ऐकून घ्यायला घरात माणूस लागतं."

मी शेजारीच उभा होतो. एवढं मला स्पष्ट ऐकू आलं.